बिनभिंतीचं, बिनवाऱ्याचं

माणसासाठी बांधलेल्या घरात थोडी लबाडी खपून जाते. दिवाणखान्यात घामाच्या धारा लागल्या तरी पाहुणा ‘हवेशीर आहे हो’ म्हणतो आणि घरमालकालाही ते खरं वाटतं. पिकासाठी बांधलेल्या इमारतीत ही सोय नाही. द्राक्ष भिडस्त नसतं. हवा मिळाली नाही तर ते बुरशी धरतं, आणि बांधणाऱ्याचं काय चुकलं ते सगळ्या शिवाराला कळतं. म्हणून असेल, पण शेतमालासाठी उभारलेल्या वास्तू मला वाड्या-गढ्यांपेक्षा जास्त बोलक्या वाटत आल्या आहेत. वाड्याच्या कमानीमागे मालकाचा मान असतो, सुताराची हौस असते, शेजाऱ्याशी चुरस असते. हळदीच्या किंवा बेदाण्याच्या इमारतीत यातलं काहीच नसतं. तिथे पाणी, हवा, ऊन आणि पैसा एवढ्या चौघांचंच चालतं.

सांगली जिल्ह्यात अशा दोन वास्तू आहेत, आणि एकीचा नियम दुसरीच्या नेमका उलटा आहे. पूर्वेकडच्या कोरड्या माळावरची बेदाण्याची शेड म्हणजे जवळजवळ नुसता वारा. कृष्णाकाठच्या हरिपूरचं हळदीचं पेव म्हणजे नुसती माती, वाऱ्याला सक्त मनाई. एकीला भिंत नाही, दुसरीला खिडकी नाही. वास्तुशास्त्राच्या अभ्यासक्रमात दोन्हींना जागा नाही, ही गोष्ट वेगळी.

आधी शेड. मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्याला लागून कवठेमहांकाळ ओलांडलं की उसाची गर्दी संपते. नागज फाट्यापासून पुढे, सोलापूर जिल्ह्याची हद्द ओलांडून जुनोनीपर्यंत, रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबच लांब सांगाडे दिसतात. इतर महिन्यांत ते अर्धवट सोडलेल्या बांधकामासारखे वाटतात. लोखंडी अँगल, त्यांच्यावर ताणलेल्या जाळ्या, वर पत्रा किंवा जाड प्लास्टिकचा कागद, कडेला हिरवी शेडनेट. बाग तासगावात असो, मिरज तालुक्यात असो की आणखी कुठे, माल गाडीत घालून इकडे आणला जातो, कारण वारा गाडीत घालून बागेत नेता येत नाही. इथला पाऊस कमी, हवा कोरडी, माळ मोकळा. शेतीच्या हिशेबात हे सगळे त्या जमिनीचे दोष. बेदाण्याच्या हिशेबात हेच तिचं भांडवल. ज्या माळावर कुसळाशिवाय काही येत नाही असं पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं गेलं, त्याला द्राक्षामुळे भाडं सुरू झालं.

मार्चमधल्या दुपारी अशा शेडच्या आत डोकावलं तर पहिल्यांदा जाणवते ती सावली. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि आत हिरवट, गाळलेला उजेड. एकावर एक दहा-अकरा मजले, दोन मजल्यांत साधारण फूटभर अंतर. हे फूटभर अंतर म्हणजेच या वास्तूचा सगळा आराखडा. माणसाला उभं राहता यावं म्हणून आपण छत दहा फुटांवर घेतो. द्राक्षाच्या घडाला वरून, खालून आणि चारही बाजूंनी वारा लागावा म्हणून त्याला मिळतं फूटभर. त्याहून कमी केलं तर घड एकमेकांच्या दमटपणात बसतात, जास्त केलं तर तेवढ्याच लोखंडात माल कमी मावतो. जाळीवर घड एकेरी थरात पसरलेले असतात. पहिल्या दिवशीचे टपोरे, चौथ्या-पाचव्या दिवशीचे मलूल, आणि बारा-पंधरा दिवसांनंतरचे सुरकुतलेले, हाताला चिकट-कोरडे. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. म्हणजे शेडमध्ये आलेल्या मालाचा तीन चतुर्थांश भाग हवेत निघून जातो, आणि तो निघून जावा यासाठीच ही सगळी उभारणी.

पण द्राक्ष आपलं पाणी सहजी सोडत नाही. सालीवर मेणाचा पातळ थर असतो आणि तो आतलं पाणी अडवून धरतो. म्हणून घड जाळीवर टाकण्यापूर्वी द्रावणात बुचकळतात. लिटरभर पाण्याला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिलिलिटर इथाइल ओलिएट, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल. काही मिनिटांची ही आंघोळ झाली की मेणाच्या थरातून पाण्याला वाट मिळते. ऊन मात्र लागू द्यायचं नाही. उन्हात वाळलेलं द्राक्ष तपकिरी पडतं, सावलीत वाळलेलं हिरवट-पिवळसर राहतं, आणि बाजार रंगाला पैसे देतो. तोच रंग आणखी उजळावा म्हणून पुढे गंधकाची धुरीही दिली जाते. चवीला रंगाचं काय, असं विचारणाऱ्याने तासगावच्या सौद्यात हिरव्या आणि काळ्या बेदाण्याचा भाव एकदा कानांनी ऐकावा.

तासगावचं या धंद्यात नाव आहे ते केवळ बाजारपेठेमुळे नाही. थॉमसन सीडलेस या जातीतून निवडलेलं ‘तास-ए-गणेश’ हे द्राक्ष याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांचं. नावातला गणेश म्हणजे परशुरामभाऊ पटवर्धनांच्या गोपुरवाल्या देवळातला. म्हणजे द्राक्षाच्या जातीला आमच्याकडे ग्रामदैवताचं नाव मिळालं, पण ते वाळवणाऱ्या इमारतीला अजून धड नावही नाही. सगळे शेडच म्हणतात. गाडी लावायचीही शेड, म्हशी बांधायचीही शेड, आणि परदेशी जाणारा बेदाणा करायचीही शेड.

हे द्रावण, ही जाळ्यांची उतरंड आपली नव्हे. पहिल्या शतकातल्या रोमन शेतीलेखक कोलुमेल्लाने राखेच्या उकळत्या पाण्यात तेल घालून त्यात द्राक्षं बुडवायची कृती लिहून ठेवली आहे. राखेतला क्षार म्हणजे आपलं कार्बोनेट, आणि तेलाच्या जागी आज इथाइल ओलिएट. मधल्या दोन हजार वर्षांत रसायन शुद्ध झालं, युक्ती तीच राहिली. पत्र्याखालच्या तारेच्या जाळ्यांचे मजले रुळले ते ऑस्ट्रेलियात, मरे नदीकाठच्या मिल्ड्युराच्या परिसरात. तिथेही कोरडा माळ, तिथेही नदीचं उचललेलं पाणी, तिथेही द्राक्षं. नागजच्या माळावरचा सांगाडा मिल्ड्युराचा दूरचा भाऊबंद लागतो, आणि दोघांची तोंडओळखही नाही.

बेदाण्याची खरी जुनी वास्तू बघायची तर सांगलीहून वायव्येला जावं लागतं. कंदाहारच्या बाजूला किशमिशखाने आहेत. जाड मातीच्या भिंती, आणि त्या भिंतींना ओळीने उभ्या अरुंद फटी. आत द्राक्षांचे घड टांगलेले किंवा लाकडावर ठेवलेले. वारा फटीतून शिरतो, ऊन मात्र भिंतीच्या जाडीतच अडकतं. चीनच्या तुर्फानमध्ये हेच काम मातीच्या विटांच्या जाळीदार भिंती करतात. कच्च्या विटा मध्ये जागा सोडत रचायच्या, की भिंत उभीही राहते आणि श्वासही घेते. अफगाण किशमिशखान्याच्या नशिबी मात्र अलीकडे वेगळंच आलं. त्या जाड भिंती गोळीला दाद देत नाहीत आणि फटीतून नेमही धरता येतो, म्हणून तालिबानने त्यांचा आडोसा घेतला, आणि अमेरिकी फौजेने 2010 च्या सुमारास झारी-अर्घंदाब भागातले कित्येक किशमिशखाने उडवून दिले. वाऱ्यासाठी ठेवलेल्या फटीतून बंदूक डोकावली की वास्तू बदलत नाही, तिचा शत्रू बदलतो.

आणि थेट दमट देशात हेच काम करायचं झालं तर? इंग्लंडच्या केंट परगण्यात बिअरला कडवटपणा देणारी हॉपची वेल लावतात. तिची शंकूच्या आकाराची फुलं सप्टेंबरात तोडली जातात, तेव्हा त्यांच्यात सुमारे 80 टक्के पाणी असतं, द्राक्षात असतं जवळपास तितकंच. ढिगात ठेवली तर ती आपल्याच उष्णतेने कुजतात, आणि तिथल्या सप्टेंबरच्या उन्हाचा भरवसा कोण देणार? म्हणून तिथे आग लागते. खाली भट्टी, वर फटींचा लाकडी मजला, त्यावर घोड्याच्या केसांचं विणलेलं कापड, त्यावर हॉपचा थर. गरम हवा वर चढते, ओल घेऊन शंकूच्या आकाराच्या छपरातून बाहेर पडते. छपराच्या टोकाला पांढऱ्या रंगाचं लाकडी टोपडं, आणि ते फिरतं. वारा जिकडून येईल तिकडे ते पाठ करतं, त्यामुळे पाऊस आत येत नाही आणि वाहता वारा आतली दमट हवा ओढून घेतो. भट्टीत गंधकही टाकत, कशासाठी, तर फुलांना चांगला रंग यावा म्हणून. केंट आणि तासगाव इथे एकमेकांच्या अगदी शेजारी येऊन बसतात.

या इमारतीचा आराखडा छापील स्वरूपात 1574 सालापासून उपलब्ध आहे. केंटच्याच रेजिनल्ड स्कॉटने हॉपच्या लागवडीवर पुस्तक लिहिलं, त्यात सुकवणीच्या घराचं वर्णन आहे. (याच गृहस्थाने पुढे दहा वर्षांनी चेटकिणींवरच्या अंधश्रद्धेची चिरफाड करणारा ग्रंथ लिहिला. उष्ण हवा कुठून कुठे जाते याचा विचार करणाऱ्याला भुताखेतांवर विश्वास ठेवणं जड जात असावं.) आज फोटोंत दिसणारी गोल भट्टीघरं मात्र बरीच अलीकडची, एकोणिसाव्या शतकातली. गोल खोलीत कोपरे नाहीत, म्हणून उष्णता सारखी पसरेल असा समज होता. पुढे कळलं की चौकोनी खोलीही तितकीच चांगली सुकवते आणि बांधायला स्वस्त पडते, तेव्हा शतक सरता सरता पुन्हा चौकोनी बांधायला लागले. म्हणजे दिनदर्शिकांवर ज्या गोल आकाराचे फोटो छापतात तो एका चुकीच्या तर्काचा उरलेला पुरावा आहे. यात मला दिलासाच वाटतो. पिकाच्या इमारतीतही हौस शिरते, फक्त तिला शास्त्राचा सदरा घालून यावं लागतं.

आपल्याकडे आगीची इमारत म्हटली की कराडच्या बाजूचं गुऱ्हाळघर आठवेल. चुलवाण आहे, धुराडं आहे, चिपाडं ढकलणारा आहे, काहिलीवर नजर ठेवणारा गुळव्या आहे. पण ते आटवण्याचं काम, वाळवण्याचं नव्हे, आणि त्याच्यावर लिहायला स्वतंत्र बैठक हवी.

आता हळद. हळदीचा प्रवास बेदाण्याच्या उलट्या दिशेने जातो. ती वाळवायला इमारत लागत नाही. काढलेली हळकुंडं शिजवायची, खळ्यावर पसरायची, आणि दहा-पंधरा दिवस फाल्गुन-चैत्राचं ऊन फुकट वापरायचं. वाईच्या खोऱ्यात, कृष्णेच्या वरच्या अंगालाही हेच चालतं. इमारत लागते ती त्यानंतर, वाळलेली हळद वाळलेलीच ठेवण्यासाठी. ही इमारत कुठे बांधावी? तर नदीच्या अगदी काठावर आणि जमिनीच्या खाली. सांगलीला खेटून असलेलं, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हरिपूर मराठी माणसाला संगमेश्वराच्या देवळामुळे माहीत असतं, किंवा ‘संगीत शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांमुळे. हळदीच्या व्यापाऱ्याला ते माहीत असतं मातीमुळे. इथली माती खोल, घट्ट आणि ओल न धरणारी. नदीपासून हाकेच्या अंतरावर वीस-पंचवीस फूट खोल खणलं तरी आत कोरडं.

पेवाचं तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, गळा अरुंद, आणि खाली गेल्यावर पोट सुटलेलं. आतून ते सारवायचं, तळाला आणि कडेला उसाच्या पाचटाचा जाड थर द्यायचा, चटया लावायच्या, हळद ओतायची. एका पेवात शे-दोनशे क्विंटल सहज मावते. मग वर पुन्हा पाचट, तोंडावर झाकण, त्यावर माती. वरून चालणाऱ्याला पायाखाली काही लाखांचा माल आहे याचा पत्ताही लागत नाही. दिसायला ही वास्तू म्हणजे अंगणातला किंचित उंचवटा. दर्शनी भाग नाहीच. जी काही रचना आहे ती सगळी आतल्या बाजूला, अंधारात, आणि पेव भरलं की तीही दिसेनाशी.

तोंड बंद झाल्यावर जे घडतं ते या रचनेचं मर्म. आतल्या हवेतला प्राणवायू हळूहळू संपतो. हळद थोडा घेते, किडे थोडा घेतात, आणि शेवटी किड्यांनाच तो पुरत नाही. औषध नाही, फवारा नाही. हळद वर्षानुवर्षं रंग न सोडता पडून राहते. त्याचीच दुसरी बाजू अशी, की पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही. काही तास तोंड मोकळं ठेवतात, मग दोराला बांधलेला कंदील खाली सोडतात. कंदील तेवत राहिला तर माणूस उतरतो, विझला तर थांबतो. किड्याला मारणारी हवा माणसालाही सोडत नाही, आणि या इमारतीची गुणवत्ता मोजायचं साधन म्हणजे विझणारी ज्योत.

या पेवांवर सांगलीचा हळद व्यापार उभा राहिला. माल बाहेर न काढता हातबदल होत असे. पेव जमिनीखाली जागच्या जागी, आणि त्यातली हळद कागदावर एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर. पुढे सांगलीत हळदीच्या वायद्यांचा रीतसर बाजार चालला. ज्या वस्तूला कीड लागत नाही, रंग जात नाही, जी वर्षभरानेही तशीच निघेल याची खात्री आहे, तिच्याच उद्याच्या भावावर आज सौदा करता येतो. अर्थशास्त्रातल्या या नाजूक कल्पनेच्या बुडाशी शेणाने सारवलेला खड्डा होता, हे मला फार आवडतं.

2005 च्या महापुरात मात्र पाणी आलं आणि थांबून राहिलं. तासा-दोन तासांच्या पुराला ही माती दाद देत नव्हती, दिवसेंदिवस साचलेल्या पाण्यापुढे तिचा निभाव लागला नाही. पेवांत पाणी शिरलं, हळद गेली, कित्येक पेवं ढासळली. 2019 च्या पुराने उरलेल्यांची उमेद घालवली. दरम्यान शीतगृहं आली, गोदामं आली, आणि हरिपूरच्या जमिनीला हळदीपेक्षा प्लॉटचा भाव चांगला मिळू लागला. ज्या खोदकामाला शंभर वर्षांपूर्वी कसब म्हणत, त्याला आता पाया खणताना लागलेली पोकळी म्हणतात आणि मुरूम टाकून बुजवतात.

केंटमधल्या भट्टीघरांचंही काम संपलंच होतं. आधुनिक यंत्रांनी हॉप सुकवायला सुरुवात केल्यावर ती रिकामी पडली. पण ती टिकली, कारण त्यांच्यात माणूस राहू शकत होता. गोल भट्टीत गोल बैठकीची खोली, हॉपची पोती ठेवायच्या माडीवर झोपायच्या खोल्या, आणि वर ते पांढरं टोपडं शोभेला, बहुधा फिरायचं बंद झालेलं. वारसा जपण्याच्या गोष्टी आपण मोठ्या गांभीर्याने करतो, पण बारकाईने पाहिलं तर तीच इमारत जगते जिच्यात नंतर माणसाला घुसता येतं. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. 1719 ते 1724 या काळात शाहू महाराजांच्या विरूबाईंनी बांधवून घेतलेली. तीही मुळात शेतीचीच इमारत, आमराईला पाणी देण्यासाठीची. पण तिच्या पोटात महाल आहे, शिल्पं आहेत, शिलालेख आहे. राजाला बसायला जागा होती, म्हणून आज पर्यटकाला उतरायला जागा आहे. माल्टातल्या फ्लोरियानाला धान्याच्या भूमिगत पेवांची दगडी झाकणं जपलेली आहेत, तीही एका मोठ्या चौकात, जिथे सभा आणि समारंभ होतात. तिथे निदान वर उभं राहता येतं. हरिपूरच्या पेवात राहता येत नाही, वर उभं राहिलं तर दिसत काही नाही, आणि आत उतरायचं तर आधी कंदील सोडावा लागतो. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्यालाही मिळालं. दोन्हींच्या घरांना काही मिळालं नाही. ते मिळावं असा माझा आग्रहही नाही. चार पेवं कुंपण घालून, पाटी लावून, रिकामी ठेवायची, आणि शाळेच्या सहली आणायच्या, याने फार तर सहली होतील. निदान एक पेव भरतं राहावं, त्यात खरी हळद असावी आणि ती कुणीतरी विकत घ्यावी, एवढं झालं तर पुरे.

शेडचा प्रश्न वेगळा. तिच्यात जपण्यासारखं जुनं काही नाहीच. अँगल गंजला की बदलतात, जाळी फाटली की बदलतात, प्लास्टिक तर दर एक-दोन हंगामांत. टिकतं ते फूटभराचं अंतर आणि वळवाचा पाऊस आकाशात कुठून चढतो हे ओळखणारी नजर. ढग भरून आले की शेडवर जी पळापळ होते, ती पाहिली की भिंत नसण्याची किंमत कळते. पंधरा मिनिटांत कडेचे कागद सोडायचे, दोऱ्या आवळायच्या, आणि पाऊस गेला की तितक्याच घाईने पुन्हा सगळं उघडायचं, नाहीतर आतल्या दमटपणाने माल काळा पडतो. केंटच्या टोपड्याचं काम इथे माणसं करतात. वाऱ्याकडे पाठ कधी करायची आणि तोंड कधी, हे दर दोन तासांनी ठरवत.

कराडजवळच्या टेंभूपासून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून साताऱ्याच्या कडेने सांगलीच्या आणि सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांत नेण्याच्या योजनेचं काम 1996 मध्ये सुरू झालं. म्हैसाळची योजना त्याच्याही आधीची. कवठेमहांकाळ, आटपाडी, सांगोला, जत या भागांत पाणी पोचतं तिथे डाळिंबं येतात, द्राक्षं येतात, आणि जिथे जमलं तिथे ऊसही. माळाला पाणी मिळालं याचं वाईट वाटणारा माणूस सापडणार नाही, मीही तो नव्हे. पण शेडची भिस्त त्या माळाच्या कोरडेपणावर आहे. चारही बाजूंनी उसाचे फड उभे राहिले तर मधल्या शेडमधलं द्राक्ष वाळायला किती दिवस घेईल, हा हिशेब शेडमालकांना कुणी शिकवायला नको. जागा भाड्याने घेताना ते आजूबाजूच्या रानात काय लावलंय हे आधी पाहतात. वाऱ्याच्या वाटेत काही आलं तर नट-बोल्ट सोडून, अँगल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून, आणखी दहा-वीस किलोमीटर पूर्वेला जाता येतं. जतच्या बाजूला मोकळा माळ अजून बराच आहे, आणि तिकडच्या जमिनीचं भाडंही सध्या कमी आहे.